रात्रभर डिकीत मुरलेलं चिकन? जरा थांबा

‘समर कुकआउटची शेफ-सिक्रेट्स, अमेरिकेत सगळे असंच करतात’ नावाचा फॉरवर्ड सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. एरवी मी असलं काही वाचतही नाही. पण धाकट्या भावाने तो प्रमाण मानला आणि पवनेच्या काठी तंबूत राहायला जाताना कळवलं, “दादा, चिकन रात्रीच मुरवून डिकीत ठेवतोय, सकाळी घाई नको.” सोबत त्याची लहान मुलं आणि आमची आई. तेव्हा आता एकेक मुद्दा घेऊच.

“लिंबू, दही, हळद, मीठ लावलं की जंतू मरतात, फ्रिज लागत नाही.”

मे महिन्यात हे लिहायला धाडस लागतं. अमेरिकेचंच प्रमाण हवं ना? मग तिथल्या कृषी खात्याचं घ्या. त्यांच्या मते 4 ते 60 अंश सेल्सिअस हा जिवाणू झपाट्याने वाढण्याचा टप्पा. कच्चं मांस असो की शिजलेलं, बाहेर जास्तीत जास्त दोन तास. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे मेमधल्या दुपारी सावलीतही पारा त्यापुढे असतो, आणि उन्हातली डिकी म्हणजे भट्टीच. पोषक वातावरणात हे जिवाणू 20 मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. रात्री दहापासून दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंतचा हिशेब तुम्हीच मांडा. लिंबा-दह्याची आंबटाई मांसाच्या वरच्या थरापलीकडे फारशी जात नाही. तिने चव येते, मांस थोडं मऊ होतं, बस.

“शिजवल्यावर मरतीलच की,” हे भावाचं उत्तर. जिवाणू मरतात, कबूल. पण स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जिवाणू, जो कितीतरी माणसांच्या नाकात आणि हातांवर असतो, तो वाढताना जे विष सोडतो ते उकळूनही जात नाही. मग काही तासांत उलट्या, जुलाब आणि भर उन्हात कोरडं पडलेलं शरीर. सत्तरीच्या आईला हे झालं तर पवनेहून दवाखाना गाठायचा कसा, हे फॉरवर्डमध्ये लिहिलेलं नाही.

मुरवा, पण फ्रिजमध्ये, झाकून. नेताना मासळीवाल्याकडे असतो तसला थर्माकोलचा खोका आणि भरपूर बर्फ. निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत खोका उघडायचा नाही.

“चिकन नळाखाली खळखळून धुवा.” अमेरिकेच्या याच कृषी खात्याने नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीबरोबर केलेला अभ्यास 2019 मध्ये जाहीर झाला. चिकन धुणाऱ्यांपैकी 60 टक्के लोकांच्या सिंकमध्ये जिवाणू सापडले, 26 टक्के लोकांनी ते सॅलडपर्यंत पोचवले. न धुणाऱ्यांतही 31 टक्के लोकांच्या सॅलडमध्ये ते गेलेच, कारण हात नीट धुतले नव्हते. आपल्याकडे दुकानातून पिसं-रक्तासकट येतं, त्यामुळे धुणं कोणी सोडणार नाही हे मला माहीत आहे. निदान कांदा-काकडी आधी कापून बाजूला ठेवा, चिकन पातेल्यात हळू धुवा आणि नंतर सिंक घासा, हात साबणाने धुवा.

“बाहेरून काळं झालं आणि रस पांढरा आला की शिजलं. थर्मामीटर हे गोऱ्यांचे चोचले.” रसाचं अर्धं खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनाही रस गुलाबी नको म्हणते, पण लगेच पुढे थर्मामीटर वापरा असंही सांगते. मिरची-हळद माखलेल्या तंगडीत गुलाबी रंग ओळखणार कसा? उलट कोळशाच्या धुरातल्या वायूंमुळे पूर्ण शिजलेलं चिकनही कधी कधी गुलाबी दिसतं. काळेपणा फक्त आच मोठी होती एवढंच सांगतो. काही शे रुपयांत टोचायचा थर्मामीटर मिळतो. हाडाला न टेकवता जाड भागात खुपसा: चिकन 74 अंश, मटण-खिम्याचे शीककबाब 71, मटणाचा अखंड तुकडा 63 आणि मग आचेवरून काढून तीन मिनिटं तसाच. खिम्याला जास्त का? कारण मांसावर बाहेरून असलेले जंतू दळताना आत मिसळतात.

आणि सगळे निखारे एका बाजूला लोटा. तंगडीला आधी थेट आचेवर रंग आणा, मग बिननिखाऱ्याच्या बाजूला झाकण ठेवून शिजू द्या. बाहेर कोळसा, आत कच्चं, हा प्रकार निम्म्याहून कमी होईल.

“करपलेला भाग पाचक असतो.” नसतो. त्यात कर्करोगाशी संबंध जोडली गेलेली रसायनं असतात, कापून टाका. मात्र मुरवल्याने ती कमी तयार होतात असं काही अभ्यासांत दिसलंय, तेवढा अर्धा गुण फॉरवर्डला देतो.

उरलेला मसाला सॉस म्हणून वर ओतायचा असेल तर आधी खळखळून उकळा. कच्च्याचं ताट भाजलेल्याला नको. याहून जास्त त्यावर बोलण्यासारखं नाही.

आता शेवटचा मुद्दा. “पाऊस आला तर शेगडी तंबूत घ्या, निखारे लाल झाले की धूर नसतो.” धूर नसतो, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप लागते आणि माणूस उठत नाही. अमेरिकेत कोळशाच्या पिशवीवर घरात, गाडीत, तंबूत जाळू नका ही ताकीद छापणं कायद्याने सक्तीचं आहे. वळीव आला तर शेगडी भिजू द्या. अर्धवट भाजलेलं चिकन सकाळसाठी ठेवू नका, टाकून द्या. टपरीवर मॅगी मिळते.