कुणालाही सांगू नये

एक्स्चेंजची अट अशी, की जुना फोन कोरा करून द्यायचा, मगच नव्याचं खोकं मिळणार. ऑफिसची अट अशी, की जुन्या फोनने मान डोलावल्याशिवाय नव्याला आत घ्यायचं नाही. दोन्ही फोन दहा मिनिटं एका टेबलावर ठेवता येतील, अशी सोय मात्र कुणीच केलेली नाही.

डिलिव्हरीचा मुलगा कर्वेनगरला आमच्या दारात उभा. त्याने स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, जुळवला, काचेवर नख फिरवून ओरखडे शोधले. आधी गूगल खातं काढायला लावलं (नाहीतर पुसलेला फोनही जुनाच पासवर्ड मागत बसू शकतो), मग रिसेट.

"सर, आता ओटीपी सांगा."

ओटीपी येणार सिमवर. सिम त्या कोऱ्या फोनमध्ये, जो आता मला भाषा निवडायला सांगत होता. नवा फोन सीलबंद. सिम काढायची पिनसुद्धा त्याच खोक्यात! शेवटी बायकोच्या कानातल्याची दांडी कामी आली. समोरचे काका दार उघडं दिसलं म्हणून आलेलेच होते. "माझ्यात घाला की, दुसरी जागा रिकामीच आहे."

घातलं. ओटीपी आला. काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, मेसेज सावकाश वाचला आणि फोन खिशात टाकला.

"सांगा ना, काका."

"कसा सांगणार? कुणालाही सांगू नये असं लिहिलंय."

"अहो, पण तो माझा आहे!"

"नंबर तुमचा. फोन माझा. उद्या काही झालं तर सायबरवाले कुणाकडे येणार?"

"आजोबा, हा बँकेचा नाही, डिलिव्हरीचा आहे," मुलगा म्हणाला.

"बरं. मग तू 'कुणालाही'मध्ये येतोस की नाही, एवढंच सांग."

मुलगा खरंच विचारात पडला.

"मग तुम्ही कसा वाचलात?" माझा आवाज चढला.

"मला कुणी सांगितला नाही. मला आला."

अखेर काकांनी तोंडाने अवाक्षर न काढता फोन माझ्यासमोर धरला. वर, "मी सांगितलेला नाही, याला तू साक्षीदार," असं त्या मुलाला बजावलं.

पुढे ऑफिस. लॉगिनचे ते सहा आकडी कोड मेसेजने येत नाहीत; एक गुप्त किल्ली आणि घड्याळ यांवरून ते फोनमध्येच दर ३० सेकंदांनी तयार होतात. त्यामुळे सिम घालून काही होत नाही. किल्ली क्यूआरने हलवायची तर पुन्हा दोन्ही फोन समोरासमोर हवेत. हेल्पडेस्क म्हणतं, जुनी नोंदणी काढून देतो, पोर्टलवर तिकीट टाका. पोर्टल उघडायला कोड लागतो.

यूपीआयची तऱ्हा आणखी वेगळी. ॲप आपल्या सिमवरून स्वतःच एसएमएस पाठवून नंबर पडताळतं, म्हणजे बँकेत नोंदलेलं सिम त्याच फोनमध्ये हवं आणि एसएमएस जाण्यापुरता बॅलन्सही. हे सगळं जमलं, की पहिले २४ तास ५,००० रुपयांची मर्यादा. घरभाडं त्याच दिवशी द्यायचं असतं, हा आपला प्रश्न.

फोन माझ्या पैशाचा, पण त्यात आता ऑफिसचं वेगळं बिऱ्हाड (वर्क प्रोफाइल) आहे. त्या बाजूच्या ॲपांवर छोटी बॅग दिसते. तिथला मजकूर इकडे चिकटवता येत नाही, स्क्रीनशॉट निघत नाही, आणि आयटीवाल्यांना वाटलं तर तेवढा भाग ते बसल्या जागी पुसू शकतात. संध्याकाळी ते बिऱ्हाड बंद करायचं बटणही आहे. ते दाबलं की बॅगवाली ॲपं करडी पडतात, सूचना थांबतात. मग साहेब साधा फोन करतात.