जावयाचा थर्मोस्टॅट

आयुष्यभर भोसरीच्या कारखान्यात मेंटेनन्स केलं, त्याची शिक्षा निवृत्तीनंतर व्हिडिओ कॉलवर भोगतोय. शनिवारी संध्याकाळी साडेसातला, म्हणजे बॉस्टनला सकाळी नऊला, जावयांचा फोन. "बाबा, स्मार्ट थर्मोस्टॅट बसवतोय. जरा बघता का?" बघायचं ते कोथरूडमधून, कानटोपी घालून. पुण्यातही पारा १२ वर आला होता आणि आमच्याकडे हीटिंगचा झोन एकच, गोधडी.

त्यांच्याकडे तीन आहेत. तळघरात बॉयलर, त्यातलं गरम पाणी पाइपांतून घरभर फिरतं. खालचा मजला, वरचा मजला आणि तळघर, प्रत्येकाचा व्हॉल्व्ह वेगळा, भिंतीवरचा थर्मोस्टॅटही वेगळा. थर्मोस्टॅट म्हणजे खरं तर नुसता खटका. गारठा वाढला की तो आपल्या व्हॉल्व्हला उघड म्हणतो, व्हॉल्व्ह उघडला की बॉयलर पेटतो. एवढं समजल्यावर मी साहजिकच विचारलं, "मग तीन आणलेत ना?"

पलीकडे शांतता. एकच आणला होता. सेलमध्ये. "मी सांगत होते," मागून लेकीचा आवाज आला.

बॉयलरचा मेन बंद करायला लावून जुनी तबकडी उतरवली. मागे दोनच वायरी, लाल आणि पांढरी. तबकडीचं तेवढ्यात भागतं, तिला स्वतःसाठी वीज लागत नाही. या नव्या साहेबांना मात्र पडदा हवा, वायफाय हवं, म्हणजे चोवीस तास खुराक हवा. त्यासाठी 'सी' नावाची तिसरी वायर.

एव्हाना शेजारचे काका वाटी परत करायला आले होते. ते वाटीसकट सोफ्यावर बसले. "टेस्टर लावा म्हणावं." मी म्हटलं, काका, तिथे २४ व्होल्ट आहेत, त्यावर टेस्टरचा दिवा लागत नाही. "आमचा लागतो," काका म्हणाले. विषय संपला.

"भिंतीच्या भोकात बोट घालून बघा," मी जावयांना सांगितलं. बोटाबरोबर निळ्या वायरीचं वेटोळं बाहेर आलं! कुण्या वायरमनने केबलमधली जास्तीची वायर छाटून न टाकता, नीट गुंडाळून आत कोंबून ठेवली होती. त्या अनोळखी माणसाला मी मनोमन हात जोडले. तिचं दुसरं टोक तळघरात शोधून ट्रान्सफॉर्मरच्या कॉमनला जोडेपर्यंत आमची जेवणाची वेळ टळली. तळघरात रेंज जायची, चित्र अडकायचं आणि मला बराच वेळ जावयांची एक नाकपुडी दिसत राहायची.

शेवटी पडदा उजळला. त्यावर ६८.

"अडुसष्ट?" ही किंचाळली. "घर आहे का भट्टी?" ते फॅरनहाइट आहे, आपले २०, असं सांगितल्यावर आणखीच कळवळली. "विसाला तर आपण स्वेटर काढतो गं बाई कपाटातून!"

खरा घोळ सोमवारी झाला. लेक-जावई कामावर गेले की हे यंत्र त्यांचे फोन घरात आहेत का ते पाहतं. नाहीत, म्हणजे घर रिकामं, म्हणजे हीटिंग कमी. सध्या विहीणबाई तिकडे राहायला आहेत, पण त्यांचा फोन या हिशेबात नव्हता. भर दुपारी दोन शाली पांघरून त्या सोफ्यावर, आणि भिंतीवरचा पडदा सांगतोय की घरात कुणी नाही. "मग मी कोण?" असं त्यांनी आधी मुलाला विचारलं आणि मग रात्री अकराला आम्हाला. अशा प्रश्नाला व्याह्यांनी काय उत्तर द्यावं? मी फोन हिच्याकडे दिला.

त्यांच्या मोबाइलवरही ॲप टाकतो, असं जावई म्हणत होते. पण विहीणबाईंनी आपला मार्ग आधीच शोधला होता. वरच्या मजल्यावर अजून जुनीच तबकडी आहे, बोटाने फिरवली की फिरते. पोथी, विणकाम आणि चहाचा थर्मास घेऊन त्या वर मुक्कामाला गेल्या. तबकडी कितीवर ठेवलीय ते त्या कुणाला सांगत नाहीत.

सेल अजून चालू आहे म्हणे. तळघरासाठी खुशाल आण, पण वरच्या मजल्याचं आधी आईंना विचार, असं लेकीने जावयांना बजावलंय.