गाण्यातला 'मी' आणि गाणारा

नोव्हेंबर २०२४ मध्ये पंजाबी गायक दिलजित दोसांझचा कार्यक्रम पुण्यात होणार होता, तेव्हा कोथरूडहून ताईचा फोन आला. "दारूची गाणी, आणि समोर सोळा-सतरा वर्षांची पोरं. तुला पटतं हे?"

त्याआधी हैदराबादला तेलंगण सरकारने त्याला नोटीस दिली होती: दारू, अमली पदार्थ आणि हिंसेला उत्तेजन देणारी गाणी नकोत. मग गुजरातेत तो म्हणाला, सगळ्या राज्यांत दारूबंदी करा, मी दारूवर गाणं सोडतो. या उत्तराने माझं समाधान झालं नाही. विकणारा दोषी असला तरी गाणाऱ्यावर काहीच जबाबदारी नाही, असं कसं?

तरीही ती नोटीस मला चुकीची वाटते. पुण्यात कार्यक्रमातल्या दारूविक्रीची परवानगी रद्द झाली, ते मात्र पटलं. दारूचा गुत्ता आणि दारूचं गाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाण्यातला 'मी' म्हणजे गाणारा नव्हे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. एकनाथांच्या भारुडात विंचू चावलेला माणूस बोंबलतो. तो विंचू काही नाथांना चावलेला नसतो.

मी कॅलिफोर्नियात, फॉल्समला राहते. इथल्या तुरुंगाजवळून जाणाऱ्या सायकलवाटेला अमेरिकन गायक जॉनी कॅशचं नाव आहे. १३ जानेवारी १९६८ला त्याने या तुरुंगात कैद्यांसमोर जी गाणी म्हटली, त्यात एक कोकेनच्या नशेत बाईवर गोळी झाडणाऱ्याचं होतं, तेही 'मी' म्हणून. कॅशला नशेच्या गोळ्यांचं व्यसन होतं, पण खून त्याने केलेला नव्हता. आणि १९७२ साली त्याने तुरुंग सुधारणेसाठी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. त्याची पारख करायची तर मी या साक्षीवरून करेन. २०२२ साली याच राज्याने कायदा केला: गाण्याच्या ओळी आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सरसकट वापरायच्या नाहीत, आधी न्यायाधीशांनी तपासायच्या.

ताईची भीती मी उडवून लावत नाही. इथे फेंटॅनिल या जीवघेण्या अमली पदार्थामुळे अनेक शाळांत नालॉक्सोन, म्हणजे त्यावरचा उतारा, हाताशी ठेवावं लागतं. माझाही मुलगा शाळेत जातो.

पण गाणं बंद करून ती भीती जाणार नाही. मी ताईला म्हटलं, तू भाच्याबरोबर बसून ऐक आणि त्याला विचार, गाण्यातल्या माणसाचं पुढे काय झालं? कॅशच्या त्या गाण्यातल्या माणसाला ९९ वर्षांची शिक्षा होते, याच फॉल्समच्या तुरुंगात.