अनंताला चुना घालू नका
इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींत सध्या एक निरोप फिरतोय : अनंताच्या झाडाची पानं पिवळी पडली की खायचा चुना पाण्यात कालवून कुंडीत ओता, कळ्या लगडतील. हे साफ उलटं आहे. अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) साधारण ५ ते ६. माळव्याची काळी माती मुळातच चुनखडीची, म्हणजे आम्लाच्या उलट, त्यात बोअरचं जड पाणी. अशा मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. म्हणून कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. चुन्याने दुखणं वाढेलच. (अंड्याची टरफलंही त्याच जातीची बरं का!) पालापाचोळ्याचं खत, साठवलेलं पावसाचं पाणी आणि चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी द्या. खालची जुनी पानं पिवळी होत असतील तर मात्र बहुधा नत्र कमी पडतंय.