जलकुंभी तलावाचं फिल्टर आहे म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरून राहिलाय की जलकुंभी (पाण्यावर तरंगत पसरणारी जलपर्णी) म्हणजे नैसर्गिक फिल्टर, ती काढू नका, उन्हाळ्यात आपोआप मरते, अन् घरच्या टबात जास्त झाली तर नागपूरच्या अंबाझरी तलावात सोडून द्या. कृपा करून हे पुढे पाठवू नका.

फिल्टरची गोष्ट अर्धीच खरी आहे. मुळं नायट्रोजन, फॉस्फरस, काही जड धातूही ओढतात, पण ती घाण झाडातच राहते ना, झाड वेळेवर बाहेर काढलं तरच ती तलावातून गेली. जागेवर सडलं तर सगळं परत पाण्यात, वरून सडताना पाण्यातला ऑक्सिजन कमी होते अन् मासे मरतात.

आपोआप मरते म्हणता? एक रोप हातात घेऊन पाहा. देठ फुगलेला, दाबला तर स्पंजसारखा, म्हणून ते तरंगते. बाजूनं आडवा दांडा निघते, त्याच्या टोकाला नवीन रोप, सांडपाण्याचं खत मिळालं की दोन आठवड्यांत दुप्पट. फूल सुकलं की त्याचा दांडा वाकून पाण्यात जाते, बी गाळात पडते अन् 15-20 वर्षंही जिवंत राहू शकते. आपल्या मे महिन्यात पानं करपतील, पण पाणी उतरून काठाचा गाळ उघडा पडला अन् मग पाऊस आला की तेच बी उगवते.

काही जण म्हणतात आपलीच वनस्पती आहे. नाही हो, ती दक्षिण अमेरिकेची, फुलं सुंदर म्हणून भारतात आणलेली. तिला खाणारे भुंगेरे 1980च्या दशकात बाहेरून आणून सोडावे लागले, त्यांनाही ती आटोक्यात आणायला वर्षं लागतात.

सगळ्यात वाईट म्हणजे तो सोडून द्यायचा सल्ला. अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, 2023च्या सप्टेंबरात झाला तसा, की पाणी नाग नदीत, तिथून कन्हानला, मग वैनगंगेला अन् गोसेखुर्द धरणाला, म्हणजे तुमच्या टबातलं एक रोप कुठवर जाईल बघा.

टबातली जास्तीची काढा, गच्चीवर कडक उन्हात पूर्ण वाळवा, मगच कचऱ्यात टाका. फूल येऊ देऊ नका. तलावातून काढलेला ढीग काठावरच पडलेला दिसला तर पाऊस यायच्या आधी फोटोसकट महापालिकेच्या झोन ऑफिसला कळवा, नाहीतर पहिल्याच पावसात तो परत पाण्यात जाते.