ओरिजिनल आहे सर, गेल्या महिन्यात बनवलंय

जी. आय. जो नावाच्या पावणेचार इंची सैनिकाच्या पाठीला एक भोक असतं. त्या भोकात त्याच्या पाठपिशवीची खुंटी बसते. पिशवी हरवली की भोक तेवढं उरतं. आणि ते बुजवायचा ध्यास चाळिशी उलटलेल्या माणसाने घेतला की घरातली माणसं त्याच्याशी जरा हळू आवाजात बोलायला लागतात.

नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्यांना हे सैनिक आठवत असतील. अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने 1964 साली पहिला जो काढला तेव्हा तो फूटभर उंच होता. मुलगे बाहुली घेणार नाहीत, म्हणून त्याला ‘ॲक्शन फिगर’ म्हणायचं ठरलं. 1982 मध्ये त्याला पावणेचार इंचांवर आणला. आपल्याकडे तो आणला फनस्कूलने. टायर बनवणाऱ्या एमआरएफने 1987 साली सुरू केलेली ही कंपनी. साचे हॅस्ब्रोचे, परवाना हॅस्ब्रोचा आणि कारखाना गोव्यात, कोर्लिमला. साचे तेच असले तरी रंग मात्र आपले. अमेरिकेत हिरव्या गणवेशातला गडी आपल्याकडे भलत्याच रंगात अवतरायचा. आम्हाला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं, त्यामुळे आमच्या लेखी अमेरिकन सैन्याचा गणवेश तोच. आता त्याच वेगळ्या रंगांसाठी अमेरिकेतले संग्राहक फनस्कूलचे सैनिक शोधत असतात.

माझे सैनिक आईच्या घरी माळ्यावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होते. आई त्यांना ‘तुझे पोलीस’ म्हणते. डबा उघडला तर निम्म्या पोलिसांचे दोन-दोन तुकडे झालेले. घातपात वगैरे काही नाही. ह्या सैनिकाचं धड आणि पाय आत एका रबरी ओ-रिंगने जोडलेले असतात. रबर म्हातारं झालं की तुटतं आणि गडी कमरेत वेगळा होतो. पाठीवरचा स्क्रू काढायचा, नवी रिंग घालायची, स्क्रू लावायचा. एवढाच उपचार. नळदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात तसल्या रिंगा चिल्लर पैशांत मिळतात. दुकानदाराने विचारलं, “कुठला नळ गळतोय?” मी म्हटलं, “नळ नाही, सैनिक आहे.” त्याने पुढे काही न विचारता रिंगा पुडीत बांधून दिल्या. माझं आयुष्य अशा समजूतदार लोकांवरच चाललंय.

ही रिंगही खरं तर ओरिजिनल नाही, पण तिच्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, कारण ती पोटात असते. ज्याचा फोटो निघतो त्याचंच ओरिजिनलपण लोक तपासतात.

माझ्या लाडक्या पोलिसाची पाठपिशवी डब्यात नव्हती. आईला विचारलं. “काळं प्लास्टिकचं काहीतरी होतं बाई. मला वाटलं कुकरचं आहे, म्हणून कितीतरी वर्षं जपून ठेवलं होतं.” मग? “मग कुकर बदलला.”

तेव्हापासून मी जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात राहायला गेलोय. जेवायला घरी येतो.

ह्या बाजारात सैनिक ‘लूज’ असतो, म्हणजे पाकिटाबाहेरचा, किंवा ‘कार्डेड’, म्हणजे पुठ्ठ्यावर सीलबंद. लूजमध्येही ‘कम्प्लीट’ हा मानाचा पाट. बंदूक, पिशवी, टोप, सगळं ज्याच्याजवळ आहे तो कम्प्लीट. पिशवी नसलेला आणि असलेला ह्यांच्या किमतीतला फरक बघितला की सैनिक पिशवीला भेट म्हणून देतात की काय अशी शंका येते. आणि म्हणूनच नकली माल सगळ्यात जास्त ह्या फुटकळ भागांचा. अख्खा सैनिक नकली करायचा तर चेहरा रंगवावा लागतो, सांधे जमवावे लागतात. बंदूक आणि पिशवी म्हणजे एका रंगाचं, एका साच्यातलं प्लास्टिक. ना डोळे, ना मिशी.

मी ज्याच्याकडे पहिली चौकशी केली तो विक्रेता भिवंडीचा होता. फोटोत पिशवीशेजारी मापासाठी नाणं ठेवलेलं होतं, ते अमेरिकेचं. मी मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं.

“दादा, पिशवी ओरिजिनल आहे का?”

“हो सर, एकदम ओरिजिनल.”

“फनस्कूलची की हॅस्ब्रोची?”

“तुम्हाला कोणती पाहिजे?”

“जुनी आहे ना पण?”

“नाही सर, जुना माल आपण ठेवतच नाही. गेल्या महिन्यातच बनवलंय.”

ह्या माणसाला खोटारडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याने एकाही प्रश्नाचं उत्तर टाळलं नाही. मी ऑर्डर दिली.

आलेली पिशवी देखणी होती. काचेखाली धरली तर तिच्यावर आडव्या रेघांचे बारीक थर दिसत होते, थ्री-डी प्रिंटरने एकावर एक रचलेले. खुंटी भोकापेक्षा केसभर जाड. इथे माहितगार माणूस थांबतो. जाड खुंटी रेटली की सैनिकाची पाठ तडकते, आणि तडकलेल्या पाठीचा गडी कम्प्लीट असूनही कवडीमोल. बंदुकीचंही तेच. जाड मुठीची, कडक प्लास्टिकची बंदूक हातात दिली की अंगठा तुटतो. जी. आय. जोचा अंगठा आणि मांड्यांमधला जोड ह्या दोन जागा भल्याभल्या संग्राहकांना रडवतात. म्हणून जाणता संग्राहक सैनिकाच्या हातात बंदूक देतच नाही. बंदूक वेगळ्या पुडीत आणि सैनिक शेजारी रिकाम्या हाताने उभा. जगातली सगळ्यात शांतताप्रिय फौज अशा संग्राहकांच्या कपाटात आहे.

मी बायकोची नखं घासायची कानस घेऊन खुंटी घासत बसलो. ती येऊन जरा वेळ बघत उभी राहिली. “झालं की सांग. नेलपेंट लावून देते.”

घासून घासून खुंटी इतकी बारीक झाली की पिशवी आत जाऊन लगेच बाहेर पडायला लागली. मग दुसऱ्या विक्रेत्याकडून ओतीव नक्कल मागवली. तिची तऱ्हा उलटी. अस्सल पिशवीवरून साचा काढून त्यात रेझिन ओतलं की ते घट्ट होताना किंचित आक्रसतं. त्या नकलेवरून पुन्हा साचा काढला की आणखी थोडं. माझ्या वाट्याला आलेली पिशवी कितव्या पिढीतली होती कोण जाणे, पण सैनिकाच्या पाठीवर ती बटव्यासारखी दिसत होती.

तोवर मला एका व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं होतं. तिथे खऱ्याखोट्याचा निवाडा चालतो. कुणीतरी धूसर फोटो टाकतो आणि खाली निकाल पडतात : ‘रिप्रो’, ‘केओ’, ‘खुंटीचा फोटो टाका’. रिप्रो म्हणजे हुबेहूब नक्कल आणि केओ म्हणजे नॉक-ऑफ, तिच्यापेक्षा खालच्या जातीचा माल. फोंड्याचे एक गृहस्थ तिथले सरन्यायाधीश. ते फक्त ‘नाका’, म्हणजे कोकणीत ‘नको’, एवढंच लिहितात आणि तो विषय तिथे संपतो.

त्यांनीच मला बाकीच्या शौकिनांची दुःखं सांगितली. केनर कंपनीची 1978 पासूनची ‘स्टार वॉर्स’ सिनेमातल्या गड्यांची खेळणी जमवणारे लोक चिमुकल्या बंदुका पाण्यात टाकून बघतात. अस्सल बंदूक तरंगते, नकली बुडते असा समज. पण काही अस्सल बुडतात, आणि नक्कल करणाऱ्यांनी तरंगणारं प्लास्टिक शोधून काढल्यालाही जमाना झाला. तरी रात्री वाटीत पाणी घेऊन बसलेली प्रौढ माणसं जगभर आहेतच. त्याच खेळण्यांत एका बुटक्या गड्याला सुरुवातीला विनाइलचा झगा होता. तो अगदीच स्वस्तातला दिसतो म्हणून कंपनीने लवकरच कापडाचा दिला. झालं, तो स्वस्तातला दिसणारा झगा आज सगळ्यात महाग. त्यामुळे दुसऱ्या एका उंच म्हाताऱ्या गड्याचा विनाइलचा झगा कापून ह्याला घालतात आणि विकतात. खेळण्यांच्या जगातही थोरल्याचे कपडे आखडून धाकट्याला, फक्त इथे त्याचे हजारो डॉलर होतात.

माझा साडू वकील आहे. त्याला विचारलं की हे सगळं कायद्यात बसतं का. त्याने आधी चहा मागितला. “आपल्याकडे डिझाइनची नोंदणी 10 वर्षं, वाढवून मिळाली तर आणखी 5. म्हणजे 15 वर्षांनी आकार मोकळा. नाव आणि शिक्का हा ट्रेडमार्क. तो दर 10 वर्षांनी नूतनीकरण करत राहिलं तर मरत नाही. शिक्का मारून विकलं की गाठ कायद्याशी. तुझ्या पिशवीवर शिक्का आहे?”

“तिच्यावर शिक्का मावत नाही.”

“मग कोर्टाचा वेळ नको घेऊस.”

हॅस्ब्रोला ही अडचण आधीच कळली होती. माणसाच्या शरीराच्या आकारावर मालकी सांगता येत नाही. म्हणून 1964 च्या त्या फूटभर जोच्या गालावर त्यांनी एक व्रण दिला. शिवाय त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख आतल्या बाजूला गेलेलं होतं. ते म्हणे चुकून झालं होतं, पण तसंच ठेवलं. कोणी जशीच्या तशी नक्कल केली तर चुकलेल्या नखासकट करणार आणि सापडणार. आज साठ वर्षांनी लोक त्या खेळण्याचा हात उलटा करून चुकलेलं नख आहे ना ह्याची खात्री करतात आणि मग पैसे काढतात.

मला स्वतःला नकलेचा राग नाही. तीसेक वर्षांपूर्वीचं प्लास्टिक कुणाकुणाच्या केरातून, कुकरखालून कायमचं गेलंय. पाठ उघडी राहण्यापेक्षा नवी पिशवी बरी. ‘ही रिप्रो आहे’ असं सांगून विकणारे हौशी कारागीर आहेत, त्यांचं काम झकास असतं आणि भावही वाजवी. अडचण पुढच्या विक्रीला होते. पहिला रिप्रो म्हणून विकतो. त्याच्याकडून घेतलेला ‘बहुतेक ओरिजिनल’ लिहितो. तिसरा ‘माझ्या लहानपणची’ लिहितो. चौथ्याच्या हातात गेली की ती दुबईहून आलेल्या काकांनी आणलेली असते. गेल्या महिन्यात जन्मलेली पिशवी असं प्रत्येक हाताबरोबर वय वाढवत जाते. माणसांचं उलट असतं, म्हणून तर पिशवीला जास्त भाव. ह्या सगळ्या साखळीत मला खरा सभ्य वाटतो तो भिवंडीवाला. त्याने जन्मतारीख सांगितली होती.

शेवटी पिशवी दिली ती फोंड्याच्या सरन्यायाधीशांनी. त्यांच्याकडे एक जास्तीची होती, कोर्लिमच्या कारखान्यातलीच. बदल्यात त्यांनी पैसे घेतले नाहीत, माझ्या डब्यातला एक भलत्याच रंगाचा पोलीस मागितला. तो कोण हे मला कधीच नीट कळलं नव्हतं. त्यांनी त्याचं नाव, हुद्दा आणि जन्मगाव सांगितलं. पुठ्ठ्याच्या मागे कुंडली छापलेली असायची, ती ह्यांना तोंडपाठ. पिशवी चिठ्ठीत गुंडाळून, औषधाच्या रिकाम्या डबीत आली. खुंटी भोकाशी टेकवली, अंगठ्याने हलकं दाबलं, ‘टक्’ आवाज आला. पाठ शाबूत. मी ग्रुपवर फोटो टाकला. सरन्यायाधीशांनी अंगठा दाखवला, आणि त्यांच्याकडून ‘नाका’शिवाय काही मिळालेला मी ग्रुपवरचा मोजक्या नशीबवानांपैकी एक झालो.

भिवंडीवालाही त्या ग्रुपवर असल्याचं मला माहीत नव्हतं. रात्री त्याचा खाजगीत मेसेज आला.

“सर, अभिनंदन. पिशवी दोन दिवसांसाठी द्याल का? साचा काढतो. तुम्हाला दोन पीस फ्री.”

मी विचारलं, “आणि परत देताना ओरिजिनलच देशील कशावरून?”

बराच वेळ तो टाइप करत असल्याचं दिसत राहिलं. मग उत्तर आलं.

“सर, तुम्ही ओळखालच ना.”