ट्रॅक्टरसाठी एक दाबा

गेल्या रविवारी मारुतीच्या देवळात रोडग्यांची पंगत होती. मी पत्रावळीवर रोडगे कुस्करले, मधोमध खळगा केला आणि वरणाची वाट पाहत बसलो. बादली घेतलेलं पोट्टं माझ्यासमोर येऊन थांबलं, घसा खाकरला आणि बायकी आवाज काढून म्हणालं, “नमस्कार. वरणासाठी एक दाबा. वांग्याच्या भाजीसाठी दोन दाबा. मालक आराम करत आहेत, कृपया चारनंतर या.”

आख्खी ओळ हसली. समोरच्या ओळीतल्या एका आजोबांना ठसका लागला. पोट्टं स्वतःवर एवढं खूश झालं की हसत हसत पुढच्या पानाकडे गेलं, आणि माझा खळगा कोरडाच राहिला. कोरडा रोडगा घशाखाली उतरवून पाहिलेल्या माणसाला माझा राग कळेल. बाकीच्यांना सगळं सांगावं लागेल.

आमच्या घरी ट्रॅक्टर आहे, थ्रेशर आहे आणि लँडलाईन आहे. पहिल्या दोन गोष्टी भाड्यानं जातात. तिसरी गावात दुसऱ्या कोणाकडे उरलेली नाही, पण पंचक्रोशीला नंबर पाठ आहे म्हणून बाबा ती सोडत नाहीत. सोयाबीनच्या हंगामात हा फोन पहाटे पाचपासून वाजतो. मी घरूनच कॉम्प्युटरवर काम करतो. गावाच्या हिशोबानं मी घरी बसलेला असतो, त्यामुळे फोन मीच उचलायचा. “टॅक्टर हाये का?” “नाही.” “कवा येईल?” “माहीत नाही.” “मंग काहाले उचलला?” अशी दिवसभराची बोलणी.

म्हणून घरातल्या एका रास्पबेरी पायवर अ‍ॅस्टरिस्क टाकलं. पाय म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर. अ‍ॅस्टरिस्क म्हणजे त्याला टेलिफोन एक्स्चेंज बनवणारी प्रणाली. १९९९ साली मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या विद्यार्थ्याला आपल्या चिमुकल्या कंपनीसाठी फोनची यंत्रणा हवी होती. बाजारातली परवडेना, तेव्हा त्यानं ती स्वतःच लिहिली आणि जगाला फुकट देऊन टाकली. फुकट आहे म्हटल्यावर बाबांचा विरोध मावळला. लँडलाईनची वायर ज्यात खुपसायची तो डबा मात्र विकत आणावा लागला. त्याची किंमत मी बाबांना अजून सांगितलेली नाही.

यंत्राला आपल्याकडच्या चालीरीती शिकवाव्या लागतात. समोरच्यानं फोन ठेवला हे आमच्या लाईनवर त्याला आपोआप कळत नाही. एंगेज टोन ऐकून ते त्यानं ओळखायचं असतं. आपली एंगेज टोन ४०० हर्ट्झची, पाऊण सेकंद वाजते, पाऊण सेकंद थांबते. हे त्याच्या डोक्यात घालेपर्यंत त्यानं एक अख्खी दुपार लाईन धरून ठेवली. तेवढी दुपार घरात शांतता होती. बाबा म्हणाले, आता झालं ना, असंच राहू दे.

मेनू मी अगदी साधा ठेवला. ट्रॅक्टरसाठी एक, थ्रेशरसाठी दोन, बाबांशी बोलायचं तर तीन, गोठ्यातल्या सालदारासाठी चार. एक किंवा दोन दाबलं की यंत्र आज कोणाच्या वावरात आहे आणि पुढचा नंबर कोणाचा, ते ऐकू येतं. बाबा रोज सकाळी ते बोलून ठेवतात. दुपारी दोन ते चार आणि रात्री दहानंतर घरात फोन वाजत नाही. सरकारचं किसान कॉल सेंटरही सकाळी ६ ते रात्री १० एवढंच चालतं. आम्ही काही सरकारपेक्षा मोठे नाही.

आवाज बायकोचा. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे उच्चार स्वच्छ आणि सूचना देण्याची सवय. टेलिफोनच्या तारेतून ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो, त्याच्या वरचं आणि खालचं सगळं कापलं जातं, म्हणून तो जरा नाकातून आल्यासारखा वाटतो. बायकोचं म्हणणं, नाकातून नाही, तोऱ्यातून येतो आणि त्याला मी जबाबदार आहे. पण पहिल्या दिवशी आईनंही तीन-तीनदा ऐकला. “किती गोड बोलते,” म्हणाली. सुनेबद्दल हे वाक्य आमच्या घरात क्वचितच निघतं, म्हणून नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीलबुवा आले.

पाटीलबुवा म्हणजे गावचे निवृत्त पोलीस पाटील. पद गेलं, चौकशी करायची सवय राहिली. अंगणात काठी टेकवून उभे राहिले आणि आईला म्हणाले, “सूनबाई बरी हाये ना?”

“बरी आहे की. बसा ना.”

“बसत नाई. मी काल फोन केला. म्हनलं, राम राम बेटा. तं म्हन्ते, नमस्कार. ठीक हाये. म्हनलं, बापू हायेत का घरी? तं म्हन्ते, टॅक्टरसाठी एक दाबा. म्हनलं, बाई, मले टॅक्टर नाई पाह्यजे, बापू पाह्यजे. तं म्हन्ते, थ्रेशरसाठी दोन दाबा. अवं, तिच्या सासऱ्याच्या वरातीत दमणी म्या हाकलली, अन् मले म्हन्ते दाबा! मंग मी चूपच राह्यलो. म्हनलं, पाहू आता काय म्हन्ते. तं म्हन्ते, आपण कोणतेही बटण दाबलेले नाही. अशी! जसा का मी घरचा अभ्यास नाई केला!”

मी मध्ये पडलो. “पाटीलबुवा, ती नव्हती. तिचा आवाज भरून ठेवला आहे.”

“अन् ती कुठं हाये?”

“शाळेत.”

“म्हंजे सून शाळेत अन् आवाज घरी?”

“हो.”

त्यांनी आईकडे बराच वेळ पाहिलं. “वहिनी,” ते म्हणाले, “लक्ष ठेवा.”

इथंच विषय संपवायला हवा होता. पण माणूस नवीन वस्तूपुढे समजूतदार राहत नाही. मी म्हटलं, बसा, आत्ताच लावून दाखवतो. पाटीलबुवा बाजेवर बसले, स्वतःचा मोबाईल काढला, आणि चार पावलांवरच्या आमच्याच घरात फोन लावला. बायकोचा आवाज सुरू झाला. “नमस्कार...”

“राम राम बेटा,” पाटीलबुवा म्हणाले.

“बोलू नका, ऐका फक्त,” मी म्हटलं.

“ती बोलून राह्यली तं मी चूप बसू? बरं दिसते का?”

“आता तीन दाबा.”

त्यांनी फोन कानापासून काढला, हातभर लांब धरला, डोळे बारीक करून तीनचा आकडा शोधला आणि बोट ठेवेपर्यंत स्क्रीन विझली. ती उजळली तोवर बायको “आपण कोणतेही बटण दाबलेले नाही” वर आली होती. “पाह्य! पाह्य!” पाटीलबुवा ओरडले. “तेच म्हन्ते! हॅलो! अवं हॅलोऽ!”

आता थोडं शास्त्र. फोनचं प्रत्येक बटण एकाच वेळी दोन सूर काढतं. चारचं बटण ७७० आणि १,२०९ हर्ट्झ. ही पद्धत १९६३ साली अमेरिकेत ग्राहकांसाठी आली आणि अजून चालते. माणसाच्या आवाजात तेवढे सूर नेमके एकत्र येऊ नयेत अशा बेतानंच ते निवडले होते. निवडणाऱ्यांनी आमचे पाटीलबुवा ऐकले नव्हते. त्या ‘हॅलोऽ’मध्ये यंत्राला स्वच्छ चार ऐकू आला आणि गोठ्यातला फोन वाजला.

“हाव, कोन?” सालदार गोठ्यातून बोलला.

“मी पाटील! तू कोन?”

“मी सालदार. काय पाह्यजे, पाटीलबुवा?”

“बापू पाह्यजे!”

“बापू घरी हायेत. घरी फोन लावा.”

“घरीच लावला ना बे! तू काहाले उचलला?”

“माह्याच फोन वाजला तं मी उचलला. तुमी कुठून बोलून राह्यले?”

“बापूच्या अंगणातून!”

सालदार शेणाच्या हातानं फोन धरून गोठ्याच्या दारात आला. दोघांनी एकमेकांना पाहिलं. फोन कोणीच ठेवला नाही. “हावो, दिसले,” सालदार फोनमध्ये म्हणाला. मग बाबा न्हाणीतून डोकं पुसत बाहेर आले आणि म्हणाले, “काय काम होतं, पाटीलबुवा?” काम काहीच नव्हतं. सहज लावला होता.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की आमच्या सुनेला घमेंड चढली, म्हातारा माणूस राम राम करतो तर ही दाबा म्हणते. आईनं जेवताना सुचवलं की बायकोनं आणखी जरा नरम बोलायला हवं होतं. बायको म्हणाली, पुढच्या वेळी आत्याबाईंचाच आवाज भरा. रेकॉर्डिंगवरून दोन दिवस घरातली भाजी खारट लागत होती.

हसा. पण या फोनशी माझं जुनं भांडण आहे. माझ्या लहानपणी हा नंबर गावातल्या किती लग्नपत्रिकांवर आणि नोकरीच्या अर्जांवर ‘पी.पी.’, म्हणजे शेजारच्या घरचा फोन, असं लिहून छापला गेला, त्याची मोजदाद नाही. एसटीडीचे दर रात्री उतरायचे. पुण्या-सुरतेला गेलेली सगळ्यांची पोरं तेव्हाच फोन करायची, आणि मला झोपेतून उठवून “जा, त्याच्या मायला बोलवून आण” म्हणून पिटाळलं जायचं. कुत्री मागे लागायची. ती माउली येईपर्यंत फोन कटलेला असायचा, मग ती आमच्या ओसरीत दुसरा फोन येईपर्यंत बसायची आणि आई तिच्यासाठी चहा टाकायची. त्या काळचं यंत्र मीच होतो. माझ्यावर कोणी तक्रार केल्याचं आठवत नाही, आभार मानल्याचंही नाही.

आणि ज्यांना माझ्या यंत्रात अपमान वाटला, तीच माणसं दुसऱ्या यंत्रांपुढे कशी वागतात ते मी पाहिलं आहे. पिकाचं नुकसान झालं की पीकविम्यासाठी ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं. एका वर्षी परतीच्या पावसानं सोयाबीनच्या गंज्या भिजल्या, तेव्हा हेच पाटीलबुवा आमच्याच बाजेवर बसून हेल्पलाईन लावत होते. मराठीसाठी अमुक दाबा, राज्यासाठी तमुक दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, मग सनई, पुन्हा आपला कॉल महत्त्वाचा आहे. चहा निवला. पाटीलबुवा फोन दोन्ही हातांनी धरून, पाठ ताठ करून बसले होते. एकदाही म्हणाले नाहीत की ही बाई माझं ऐकत का नाही. फोन कटला तेव्हा म्हणाले, “बिझी असतीन बिचारे,” आणि पुन्हा लावला. रात्रपाळीची थ्री-फेज आली नाही म्हणून वीजवाल्यांना फोन लावणारा माणूसही असाच नऊ दाबतो, पुन्हा नऊ दाबतो, आणि मोटार बंद ती बंदच ठेवून झोपी जातो. ज्याच्याकडून काम होत नाही त्याच्या यंत्राला एवढा मान. आमचं यंत्र पाऊण मिनिटात खरं उत्तर देतं, तर ते उद्धट!

बाबांनी शेवटी तोडगा काढला. पाटीलबुवांच्या मोबाईल नंबरला मेनू नको, सरळ घरात वाजू दे. दोन ओळींचं काम, मी करून टाकलं. मानाचा प्रश्न मिटला असं मला वाटलं, पण पाटीलबुवांनी ही सवलत स्वतःजवळ ठेवली नाही. पारावर बसून चारचौघांना सांगितलं, की माह्या फोनवरून लावला तं ती बाई लागतच नाई, डायरेक बापू.

तेव्हापासून गाव थ्रेशरसाठी पारावर जातं. पाटीलबुवा आधी चौकशी करतात. सोयाबीन वाळलं का? किती एकर? मागचं भाडं दिलं का? चौकशीत पास झाला तर फोन लावून देतात. नाही तर तिथल्या तिथे सांगतात, “थ्रेशर पाच दिवस मोकळा नाई.” आमचा थ्रेशर किती दिवस मोकळा नाही हे आता आम्हाला पारावरून कळतं. त्यांच्या पुतण्याचं वावर रांगेत मागे होतं, ते पुढे आलं. कसं आलं, विचारायची सोय नाही.

जगातलं पहिलं चालू शकलेलं ऑटोमॅटिक एक्स्चेंज काढलं ते अल्मन स्ट्रोजर या अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्या माणसानं. १८९१ साली त्याला पेटंट मिळालं. गोष्ट अशी सांगतात, की गावातली ऑपरेटर बाई त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको होती, आणि कोणाकडे मयत झाली की फोन आपल्या नवऱ्याकडेच जोडायची. चिडून त्यानं मधला माणूस काढून टाकणारं यंत्र बनवलं. त्याचंच पणतवंड मी घरात बसवलं आणि गावानं मधला माणूस पुन्हा बसवला, तोही बिनपगारी. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “चांगलं काम करून राह्यले पाटीलबुवा. वसुली वाढली.”

काल भर दुपारी, फोन बंद असतो त्या वेळात, पाटीलबुवा स्वतः आले. डोळे लाल. बाजेवर बसले आणि पहिल्यांदाच मला पाणी मागितलं.

“बाबू, लोकं लय बेकार झाले,” ते म्हणाले. “जेवून आंग टाकलं की वाजला फोन. पहाटं वाजला फोन. थ्रेशर हाये का, थ्रेशर हाये का. मानसानं झोपावं कवा?”

“मग?”

“मले बी तशी एक बाई बसवून दे.” उठता उठता काठी उचलली आणि आतल्या घराकडे नजर टाकून आवाज खाली आणला. “पन आवाज तुह्या बायकोचा नोको. लोकं काय म्हनतीन?”